जाग आल्यावरचं पहिलं मिनिट

१९७३ साली कोहेन आणि वुल्फ या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी स्वप्नांच्या आठवणीवर एक प्रयोग केला. एका गटाला त्यांनी सांगितलं की सकाळी जाग आली की आधी हवामान खात्याला फोन लावा, तापमान किती ते ऐका, कागदावर टिपा आणि त्यानंतरच रात्री पडलेलं स्वप्न लिहा. दुसऱ्या गटाने तेवढा वेळ अंथरुणात नुसतं पडून राहायचं होतं. पडून राहिलेल्यांपैकी ६३ टक्के लोकांना स्वप्नात काय घडलं ते सांगता आलं. फोन करणाऱ्यांत हे प्रमाण ३३ टक्क्यांवर आलं. त्यांच्यापैकी अनेकांना स्वप्न पडलं होतं एवढं पक्कं आठवत होतं, पण त्यात काय होतं ते हातून गेलं होतं.

तापमान विचारायला वेळ तो कितीसा लागणार! तरी तेवढ्याने रात्रभराची कमाई निम्मी झाली. आज आपल्यातल्या बहुतेकांचा दिवस फोननेच सुरू होतो. गजर बंद करायला हात उशाशी जातो, पडद्यावर रात्रीतून साठलेले मेसेज दिसतात, नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी सूर्योदयाचा फोटो टाकलेला असतो, वीजबिलाची आठवण आलेली असते. अंगठा दोनदा वर सरकला की डोक्यात दिवस सुरू होतो आणि स्वप्न जातं. ज्या यंत्रावर स्वप्न नोंदवण्याची उत्तम सोय आहे, तेच यंत्र ते पुसूनही टाकतं. स्वप्नं लक्षात ठेवायला तंत्रज्ञानाची काय मदत होईल, हा प्रश्न या अडचणीपासूनच हाती घ्यावा लागतो.

मुळात स्वप्न इतकं निसरडं का? आपल्याला जी गाढ, चित्रमय, गोष्टीसारखी स्वप्नं पडतात, त्यातली पुष्कळशी झोपेच्या 'रेम' या टप्प्यात पडतात. या टप्प्यात बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर हलत असतात, हातापायांचे स्नायू मात्र सैल पडलेले असतात. जागेपणी एखादी गोष्ट मनावर ठसवायला मेंदू नॉरअॅड्रिनलीन नावाचं रसायन वापरतो. रेम झोपेत त्याचा पुरवठा जवळजवळ थांबतो. म्हणजे दृश्य डोळ्यांपुढे घडतं, भीती वाटते, आनंद होतो, पण त्याची पक्की नोंद करणारी यंत्रणा त्या वेळी कामावर नसते. २०१९ साली जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी यात आणखी एक धागा जोडला. उंदरांच्या मेंदूत हायपोथॅलॅमस या भागात काही चेतापेशी रेम झोपेत विशेष कामाला लागतात. त्या नेमक्या त्याच वेळी बंद ठेवल्या, तर उंदरांना आदल्या दिवशी पाहिलेल्या वस्तू जास्त चांगल्या आठवत होत्या. या पेशी विसरायला मदत करतात असा त्याचा अर्थ निघतो. उंदराला स्वप्न विचारता येत नाही, त्यामुळे थेट स्वप्नांबद्दल हा प्रयोग काही सिद्ध करत नाही. पण झोपेतलं विसरणं हा नुसता निष्काळजीपणा नसून मेंदूचं ठरलेलं काम असू शकतं, हे त्यातून दिसलं.

स्वप्न टिकायचं असेल तर ते चालू असताना, किंवा संपता संपता, माणूस जागा व्हावा लागतो. जागेपणाच्या थोड्या वेळात ते कच्च्या आठवणीतून पक्क्या आठवणीत जातं. फ्रान्समधल्या लियाँ शहरात पेरीन रुबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोज स्वप्न आठवणारे आणि क्वचितच आठवणारे अशा दोन तऱ्हांच्या लोकांची झोप मोजली. रोज आठवणारे रात्रीतून एकूण सुमारे अर्धा तास जागे असत, तेही तुकड्यातुकड्यांनी, बहुतेकदा त्यांच्या लक्षातही न येता. क्वचित आठवणाऱ्यांचा हा वेळ साधारण निम्मा होता. "मला स्वप्नंच पडत नाहीत" असं सांगणारी माणसं प्रत्येक घरात असतात. त्यांना प्रयोगशाळेत झोपवून योग्य वेळी उठवलं की त्यांच्याकडूनही स्वप्नं ऐकायला मिळतात, हे १९५९ सालीच गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं. अशा माणसांची झोप चांगली लागते, एवढंच बहुधा त्याचं कारण.

ही योग्य वेळ सापडली ती शिकागो विद्यापीठात. युजीन अॅसरिन्स्की हा तिथला विद्यार्थी, वय तिशीचं, हातात पैसा नाही, आणि अडगळीतून मिळालेलं मेंदूलहरी नोंदवणारं एक जुनं यंत्र. १९५१च्या डिसेंबरात त्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या, आर्मंडच्या, डोळ्यांजवळ विद्युतअग्रं चिकटवली आणि त्याला झोपवलं. एका रात्रीत सुमारे अर्धा मैल कागद यंत्राखालून सरकत असे. बराच वेळ शांत चाललेली लेखणी मध्येच जोरजोरात उड्या मारू लागली. मुलगा जागा झाला असेल म्हणून बाप खोलीत गेला, तर मुलगा गाढ झोपेत. आधी त्याला यंत्रच बिघडलंय असं वाटलं. पण दोन्ही डोळ्यांची नोंद वेगवेगळी घेतली तरी उड्या तशाच राहिल्या. १९५३ साली त्याने आपले मार्गदर्शक नथॅनिएल क्लाइटमन यांच्यासह हा शोध 'सायन्स' या नियतकालिकात छापला. डोळे हलत असताना २७ वेळा लोकांना उठवलं, त्यात २० वेळा तपशीलवार स्वप्न हाती आलं. डोळे शांत असताना २३ वेळा उठवलं, त्यात १९ वेळा काहीच आठवलं नाही.

क्लाइटमन यांचा दुसरा विद्यार्थी विल्यम डिमेंट याने पुढच्या काही वर्षांत हे काम फार काळजीपूर्वक केलं. १९५७ साली छापलेल्या त्याच्या निबंधातली प्रयोगाची मांडणी मला आजही थक्क करते. झोपलेल्या माणसाच्या पलंगाजवळ दारावरची साधी घंटा बसवलेली असे. घंटा वाजली की त्याने उठून बसायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. उशाशी ठेवलेल्या ध्वनिमुद्रकात आधी एवढंच सांगायचं की स्वप्न चालू होतं की नव्हतं. मग जमेल तसं वर्णन करायचं. त्याचं बोलणं संपेपर्यंत बाहेरचा संशोधक अवाक्षर बोलत नसे. रेम झोपेतून १९१ वेळा उठवलं त्यात १५२ वेळा स्वप्न मिळालं, इतर झोपेतून १६० वेळा उठवलं त्यात फक्त ११ वेळा. एका झोपलेल्या माणसाचे डोळे नुसते डावी-उजवीकडे फिरत होते. त्याला उठवल्यावर त्याने सांगितलं की दोन माणसं एकमेकांना टोमॅटो फेकून मारत होती आणि तो ते बघत होता.

त्याच निबंधातला आणखी एक आकडा आपल्या कामाचा आहे. रेम संपल्यावर आठ मिनिटांच्या आत उठवलेल्या १७ वेळांपैकी ५ वेळा स्वप्न आठवलं. त्याहून जास्त वेळ गेला असेल तर १३२ वेळांपैकी अवघ्या ६ वेळा. आठ मिनिटांतच सगळी उलथापालथ झाली. रेमखेरीजच्या झोपेतही मन काही ना काही करत असतं, हे पुढे इतरांनी दाखवून दिलं, त्यामुळे 'रेम म्हणजे स्वप्न' हे समीकरण आता कुणी तसंच्या तसं धरत नाही. पण घंटा, योग्य वेळ आणि तोंडाजवळचा ध्वनिमुद्रक या तीन गोष्टींपलीकडे घरी वापरायचं तंत्रज्ञान फारसं गेलेलं नाही. माझं ठाम मत असं की त्याला तशी गरजही नाही.

योग्य वेळ साधायला घरी प्रयोगशाळा लागत नाही, कारण रात्रीची रचना बरीचशी ठरलेली असते. झोप लागल्यावर साधारण दीड तासाने पहिली रेम येते आणि ती काही मिनिटांत संपते. पुढे दर दीड तासाने ती पुन्हा येते आणि प्रत्येक वेळी लांबत जाते. शेवटची, पहाटेची रेम अर्ध्या तासाहून मोठी असू शकते. पहाटेची स्वप्नं खरी होतात असं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात. खरी होतात की नाही ते सोडून देऊ, पण आठवणीत राहतात ती प्रामुख्याने पहाटेचीच, आणि जे आठवतं त्याचाच अनुभव पुढे ताडून पाहता येतो. रोज सहा तासांपेक्षा कमी झोपणारा माणूस हीच शेवटची, सगळ्यात मोठी रेम कापून टाकतो. स्वप्नं आठवत नाहीत अशी तक्रार घेऊन कुणी आला, तर कोणतंही यंत्र घ्यायच्या आधी त्याला तासभर जास्त झोपायला सांगावं.

मेरी कॅल्किन्स यांनी हे सगळं कळायच्या साठ वर्षं आधी पहाटेचं महत्त्व ओळखलं होतं. अमेरिकेतल्या वेलस्ली कॉलेजात त्या शिकवत. १८९२च्या वसंतात त्यांनी आणि क्लार्क विद्यापीठातले एडमंड सॅनफर्ड यांनी काही आठवडे रात्री वेगवेगळ्या वेळांचा गजर लावून स्वतःला उठवलं. उशाशी कागद, पेन्सिल, मेणबत्ती आणि काडेपेटी. जाग आली की काडी ओढायची, मेणबत्ती लावायची आणि आठवेल ते सगळं तिथल्या तिथे लिहायचं. दोघांची मिळून ३७५ स्वप्नं जमली. त्यातली बरीच सकाळच्या हलक्या झोपेतली होती, आणि बहुतेकांचा संबंध जवळच्या दिवसांत भेटलेल्या माणसांशी आणि पाहिलेल्या जागांशी लागत होता. फ्रॉइडने आपल्या स्वप्नांवरच्या ग्रंथात त्यांचा दाखला दिला आहे. हार्वर्डने त्यांना स्त्री म्हणून पीएच.डी. नाकारली. पुढे १९०५ साली अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. गजराच्या घड्याळाचा असा उपयोग करणारी ही बाई स्वप्नसंशोधनाच्या इतिहासात जितकी आठवली जायला हवी तितकी जात नाही.

घरी रेम ओळखण्याचे प्रयत्न १९८०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. हार्वर्डमधल्या अॅलन हॉब्सन यांच्या गटाने 'नाइटकॅप' तयार केली. पापणीवर एक बारीक संवेदक आणि डोक्याची हालचाल टिपणारा दुसरा, असं ते साधं उपकरण होतं. डोकं स्थिर आणि पापणी फडफडते आहे, म्हणजे रेम. ही युक्ती सोपी आणि चांगली होती, कारण तिथे डोळ्यांची हालचाल थेट मोजली जात होती. आजची मनगटी घड्याळं डोळे बघत नाहीत. नाडीचे ठोके आणि हाताची हालचाल यांवरून ती झोपेचा टप्पा ताडतात. रेममध्ये ठोक्यांची लय अनियमित होते आणि शरीर जवळजवळ हलत नाही, त्यामुळे हा अंदाज अगदी निराधार नाही. पण तो अंदाजच असतो. सकाळी अॅपमध्ये दिसणारा रंगीत आलेख म्हणजे काल रात्रीची खरी नोंद, असं समजून कुणी चालू नये.

२०१३ साली 'शॅडो' नावाच्या अॅपसाठी इंटरनेटवर लोकवर्गणी गोळा झाली होती. झोपलेल्याला हळूहळू वाढणाऱ्या आवाजाने अलगद उठवायचं आणि लगेच स्वप्न बोलून घ्यायचं, अशी त्यामागची कल्पना. अलगद उठवणं कुणालाही पटतं. पण १९६३ साली गुडइनफ यांच्याच गटाने नेमकं हे तपासलं होतं, आणि एकदम उठवलेल्यांकडून स्वप्नं जास्त मिळाली. सावकाश उठवलेला माणूस जागा होता होताच स्वप्नातून बाहेर पडतो, मधल्या वेळात विचार सुरू होतात, आणि शेवटी तो सांगतो की "मी काहीतरी विचार करत होतो." म्हणून गजर फार कर्कश नको, पण एका झटक्यात जाग आणणारा हवा.

नोंद करण्याच्या बाबतीत मात्र फोनने खरोखर मोठं काम सोपं केलं आहे, आणि ते आवाजामुळे. लिहायचं तर दिवा लावावा लागतो, चष्मा शोधावा लागतो, उठून बसावं लागतं. यातल्या प्रत्येक हालचालीबरोबर स्वप्न थोडं थोडं गळतं. बोलायला डोळेसुद्धा उघडावे लागत नाहीत. इटलीतल्या लुक्का शहरातल्या संशोधकांनी २०२० ते २०२४ या काळात १८ ते ७० वयोगटातल्या २०४ लोकांकडे ध्वनिमुद्रक दिले आणि पंधरा दिवस रोज सकाळी उठल्याबरोबर मनात काय होतं ते बोलून ठेवायला सांगितलं. २०२५ साली त्याचे निष्कर्ष आले. स्वप्नांबद्दल आस्था असणारे, दिवसाही ज्यांचं मन भटकतं असे, आणि ज्यांच्या रात्रीत हलकी झोप जास्त अशांना स्वप्नं जास्त आठवली. हिवाळ्यात वसंतापेक्षा कमी आठवली. वय वाढत गेलं तसं, "काहीतरी पडलं होतं, पण काय ते गेलं," असं सांगणाऱ्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. यातली आस्था ही एकच गोष्ट आपल्या हातातली. स्वप्न लक्षात ठेवायचं आहे असं झोपताना मनाशी म्हणणं हा म्हाताऱ्याकोताऱ्यांचा उपाय वाटेल, पण तो खरंच उपयोगी पडतो.

घरी करायचं ते असं. फोन रात्री विमान मोडवर ठेवावा, म्हणजे सकाळी पडद्यावर एकही मेसेज नसेल. ध्वनिमुद्रणाचं बटण कुलूप न उघडता दाबता येईल अशी सोय आजच्या बहुतेक फोनमध्ये करता येते, ती झोपण्याआधी करून ठेवावी. जाग आली की कूस बदलू नये, ज्या स्थितीत जाग आली त्याच स्थितीत पडून राहावं. शेवटचं दृश्य आधी धरावं आणि तिथून मागे जावं. आणि बोलावं ते मराठीत, घरच्या बोलीत, तुटक, क्रियापदं सोडून. "मामाचं घर. पण जिना लांबच लांब. हातात स्टीलचा डबा. कुणीतरी म्हणतंय चप्पल काढ." इतकं पुरतं. मराठी बोलणं अक्षरात उतरवणारी सोय आता फोनवर आहे, पण अर्धवट झोपेतलं पुटपुटणं तिला नीट कळेल अशी अपेक्षा ठेवू नये. मूळ आवाज जपावा, शब्द दुपारी सवडीने उतरवावेत. नावं आणि आकडे लगेच बोलावेत, कारण ते सगळ्यात आधी जातात.

तुकोबांनी आपल्याला स्वप्नात झालेल्या गुरूपदेशाबद्दल जो अभंग लिहिला आहे, तो या दृष्टीने पुन्हा वाचावा. गुरूने डोक्यावर हात ठेवला, स्वतःचं नाव बाबाजी असं सांगितलं, मंत्र दिला, दिवस माघ शुद्ध दशमी, गुरुवार. हे सगळं आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण त्यातच गुरूने जेवणासाठी पावशेर तूप मागितलं आणि ते द्यायचं स्वप्नातच राहून गेलं, हेही तुकोबांनी नोंदवलं आहे. एवढ्या मोठ्या अनुभवात तुपाचं माप आणि त्याचा पडलेला विसर लिहून ठेवणारा माणूस स्वप्नाचा फार प्रामाणिक नोंदकर्ता होता असं मी मानतो. स्वप्न सांगताना आपण थोरामोठ्या गोष्टी ठेवतो आणि पावशेर तूप गाळतो. तसं करू नये.

स्वप्न थेट मेंदूतून वाचता येईल का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. क्योटोतल्या युकियासु कामितानी यांच्या गटाने २०१३ साली त्या दिशेने पाऊल टाकलं. तीन जणांना मेंदूचं स्कॅनिंग चालू असताना झोप लागू दिली आणि डोळा लागता लागता पुन्हा पुन्हा उठवून, काय दिसलं ते विचारलं, प्रत्येकाला दोनशे वेळा तरी. मग मेंदूतल्या हालचालीवरून त्यांना गाडी, बाई, इमारत अशा प्रकारच्या वस्तू दिसल्या का, हे संगणकाने ओळखायचं. दोन पर्यायांतून निवडताना तो सुमारे ६० टक्के वेळा बरोबर आला. नाणं उडवून ५० टक्के आले असते. आणि बरोबर की चूक हे ठरवायलाही उठवलेल्या माणसाचं बोलणंच लागलं.

त्यामानाने एमआयटीत अॅडम हार होरोविट्झ आणि सहकाऱ्यांनी बनवलेलं 'डॉर्मिओ' हे हातमोज्यासारखं उपकरण जास्त हुशारीचं आहे. झोपेच्या उंबरठ्यावर स्नायू सैल पडतात, नाडी आणि त्वचेची विद्युतवाहकता बदलते. हे बदल पकडून उपकरण त्याच क्षणी विचारतं की मनात काय चाललंय, उत्तर ध्वनिमुद्रित करतं आणि माणसाला पुन्हा झोपू देतं. झोपण्यापूर्वी "झाडाचा विचार कर" असं सुचवलं, तर सांगितलेल्या बहुतेक स्वप्नांत झाड येतं, असं २०२० साली त्यांनी दाखवलं.

आणि इथून वेगळीच भीती सुरू झाली. २०२१च्या फेब्रुवारीत कूर्स या बिअर कंपनीने अमेरिकेतल्या सुपर बोल सामन्याच्या सुमारास लोकांना झोपण्यापूर्वी एक चित्रफीत बघायला आणि रात्रभर ध्वनिफीत ऐकायला सुचवलं, म्हणजे स्वप्नात डोंगर, धबधबे आणि त्यांची बिअर येईल. त्याच वर्षी सुमारे ४० निद्रासंशोधकांनी खुलं पत्र काढून झोपेतल्या जाहिरातीविरुद्ध नियम करण्याची मागणी केली. त्यात होरोविट्झही होते. ही मागणी मला पूर्णपणे रास्त वाटते. जी साधनं स्वप्न आठवायला मदत करतात, त्यांच्याकडे आपली स्वप्नं साठत जातात. आजारी आई, न बोललेलं भांडण, शरीराच्या इच्छा, मेलेली माणसं हे सगळं त्यात असतं, आणि ते आपण अर्धवट शुद्धीत, काहीही न गाळता बोललेलं असतं. स्वप्नांची नोंद ठेवायला कुठलंही अॅप घेण्यापूर्वी ती फोनमध्ये राहते की कंपनीच्या सर्व्हरवर जाते, आणि पुसली तर खरंच पुसली जाते का, एवढं तरी पाहून घ्यावं. शंका असेल तर फोनमधला साधा ध्वनिमुद्रक आणि वही यांत काही कमी नाही.

वही भरत गेली तर तिचं काय होतं, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ केंद्रात विल्यम डॉमहॉफ आणि अॅडम श्नायडर यांनी उभ्या केलेल्या 'ड्रीमबँक'मध्ये बघायला मिळतं. तिथे वीस हजारांहून जास्त स्वप्नं शब्द टाकून शोधता येतात. लहान मुलांची आहेत, अंध माणसांची आहेत, टोपणनावाने ठेवलेल्या एकाच बाईची तीन हजारांहून अधिक आहेत. एखाद्याची वर्षानुवर्षांची स्वप्नं ओळीने ठेवली की तीच माणसं, त्याच काळज्या आणि त्याच जागा पुन्हा पुन्हा येताना दिसतात, आणि दहा-वीस वर्षांत त्यांचं प्रमाण फारसं हलत नाही, हे डॉमहॉफ यांना अशाच वह्यांतून दिसलं. एका सकाळच्या स्वप्नावरून हे कधीच कळलं नसतं. त्यासाठी तारीख घातलेली शेकडो स्वप्नं लागतात, आणि ती कुणीतरी बेरात्री, डोळे न उघडता, आधी बोलून ठेवलेली असावी लागतात.